देवघरातला खंडोबा आणि कडेवरचा ‘कूली’ : एका मेडलचं प्रकरण

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. केंद्र सरकारचं ‘मेरी माटी मेरा देश’ अभियान चालू होतं, ९ तारखेपासून गावोगाव शिलाफलक बसवायचे, त्यावर गावातल्या वीरांची नावं टाकायची असं वरून आलेलं, आणि आपल्याकडं मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं अमृतमहोत्सवी वर्षपण त्याच सुमारास संपायला आलेलं, म्हणजे देशभक्तीचा डबल सीझन. मी रिटायर्ड मास्तर, इतिहास शिकवायचो, त्यामुळं केज तालुक्यातल्या आसपासच्या गावांतून फोन यायचे की सर अमक्याचं नाव बसतंय का, तमक्याचा कागद चालतोय का. बहुतेक प्रकरणं फोनवरच मिटली. हे एक मिटलं नाही म्हणून सविस्तर लिहायलोय. गावाचं अन् घरच्यांचं नाव टाकत नाही, त्यांनीच तसं सांगितलंय.

फोन केला तो पोरगा सत्तावीस-अठ्ठावीसचा, पोलीस भरतीची तयारी करतोय. म्हणला, सर आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धाला गेले होते, तिकडं इराकात बसऱ्याला, मेडल आहे घरात, पण एक लोचा आहे, मेडल डुप्लिकेट निघायलंय. मी म्हणलं डुप्लिकेट म्हणजे? तर म्हणे नेटवर बघितलं, तसंच मेडल आहे, पण नेटवरचं सगळं चांदीचं, आणि आमचं केजच्या सोनारानं घासून सांगितलं की चांदीचा कणपण नाही, तांब्या-पितळेसारखं काहीतरी आहे. घरात आता भांडण, की खरं चांदीचं मेडल कुणीतरी विकून खाल्लं आणि त्याच्या जागी हे ठेवलं. संशय एका मयत चुलत्यावर. मेलेला माणूस, बिचारा उत्तर तरी काय देणार.

ह्या घराला गावात ‘बसरेवाले’ म्हणतात. पणजोबा लामावर गेले होते एवढं सगळ्या गावाला माहीत. (लाम म्हणजे लढाई, फ्रंट. नव्या पोरांना हा शब्द माहीत नसतो, आमच्या पिढीनं आज्या-पणज्यांच्या तोंडून ऐकलेला.) आणि गावात एक म्हण आहे, दुसरीकडं कुठं मी ऐकली नाही. कुणी थाप मारली की म्हणतात “आली बसऱ्याची नदी.” ती का म्हणतात ते पुढं सांगतो.

मी गेलो बघायला. मला वाटलं पेटीत, कपाटात असंल, तर पोरगा थेट देवघरात घेऊन गेला. देवाचे टाक मांडलेले, त्यांच्या ओळीत हे मेडल, हळदीनं पिवळं झालेलं. आज्जी, वय ८७, म्हणजे त्या बसरेवाल्या म्हाताऱ्याची सून, ती म्हणली “खंडोबा हाय त्यो.” मी हातात घेतलं आणि मला हसू आवरंना, कारण आज्जीचं चुकलं कुठं हेच सांगता येईना. एका बाजूला घोडा, त्यावर उघडा माणूस, घोड्याच्या टापेखाली ढाल आणि कवटी. आपल्या टाकावर दुसरं काय असतं? घोड्यावर देव आणि खाली मणि-मल्ल. हा घोड्यावरचा म्हणजे इंग्रजांचा सेंट जॉर्ज, आणि दुसऱ्या बाजूला पंचम जॉर्ज बादशहाचं डोकं, जे गेली कित्येक वर्षं खाली तोंड करून लाल कपड्यावर पडून होतं. दर दसऱ्याला आणि चंपाषष्ठीला चिंच लावून घासलेलं. बादशहाचं नाक सपाट झालेलं.

हे ब्रिटिश वॉर मेडल. ३६ मिलिमीटर व्यासाचं, मागं १९१४ आणि १९१८ ही सालं. चांदीची साठ लाखांवर वाटली गेली, त्यामुळं नेटवर सगळीकडं चांदीचंच दिसतं. पण त्याचीच एक ब्राँझची आवृत्ती निघाली होती, सुमारे १ लाख १० हजार नग, आणि ती कुणाला दिली हे कळलं की ह्या घरातलं भांडण मिटायला पाहिजे होतं. मिटलं नाही, उलट वाढलं. ब्राँझचं मेडल द्यायचे ते मुख्यतः हमाली करणाऱ्या पलटणींना. लेबर कोअर, पोर्टर कोअर, चिनी, माल्टी, भारतीय. हातात बंदूक नाही त्यांना चांदी नाही. जोडीनं मिळणारं व्हिक्टरी मेडलपण ह्यांना नाही, म्हणून घरात एकच मेडल होतं, दुसरं कुणी विकलं नव्हतं. चुलते सुटले.

पण हे मला त्या दिवशी नीट आठवलं नाही आणि इथं माझी चूक झाली, ती आधी लिहितो. मी मेडल बघितलं, बसरा ऐकलं, आणि तोंडात आलं ते कुतचा वेढा. पोराला सांगितलं की बाबा, बसऱ्याच्या वर तैग्रिस नदीकाठी कुत नावाचं गाव, तिथं जनरल टाउनशेंडची फौज ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली, २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली, तुझे पणजोबा त्यात असतील. “असतील” म्हणलो मी. पोरानं रात्री व्हॉट्सॲपवर टाकलं “कुतच्या वेढ्यातील शूर योद्धा”, आणि वर गुरुजींनी सांगितलं म्हणून माझं नाव. १५ ऑगस्टला शाळेत भाषणपण झालं. चाळीस वर्षं पोरांना पुरावा आधी अन् निष्कर्ष मागून शिकवणारा माणूस मी, बोलून काय उपयोग.

दोन दिवसांनी मला आठवलं की पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर नाव ठोकलेलं असतं. पुन्हा गेलो. कड चिंचेनं इतकी घासलेली की डोळ्यांना नुसती रेघोटी दिसायची. भिंगानं जमेना, टॉर्च तिरपी मारून थोडं जमलं. शेवटी पोराच्या आईनं कणीक मळलेली होती त्यातला एक घट्ट गोळा मागितला, लांब लाटला आणि त्यावर मेडलची कड चाकासारखी फिरवली. उलटी अक्षरं उठली. पोरानं फोटो काढून मोबाईलमध्ये उलटा केला, चार-पाच वेळा केलं तेव्हा कुठं ओळ लागली. नंबरचे पहिले आकडे गेलेले, शेवटचे तीन शाबूत. मग एक शब्द, मग पणजोबांचं नाव, इंग्रज कारकुनाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं, आणि शेवटी लेबर कोअरचं छोटं रूप. तो मधला शब्द पोरानंच मोठ्यानं वाचला. सी, डबल ओ, एल, आय, ई. कूली.

घरात कुणी बोलंना. पोराचा बाप, वय साठ-बासष्ट, किराणा दुकान आहे, तो उठून बाहेर गेला. पोरगा म्हणला सर दुसरं काही असंल का, कॅप्टनचं सी असंल? मी म्हणलं नाही रे.

आता हा ‘कूली’ तिथं काय करत होता ते सांगतो, कारण पुढं पारावर जे भांडण झालं ते ह्याच्यावरच. १९१९ च्या अखेरपर्यंत हिंदुस्थानातून ह्या युद्धासाठी १४ लाख ४० हजारांवर माणूस लागला, त्यातले ५ लाख ६३ हजार नॉन-कॉम्बॅटंट, म्हणजे न लढणारे. स्वैपाकी, भिस्ती, धोबी, मेहतर, खेचरवाले, डोली उचलणारे, हमाल. इराकात, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, तर ह्यांचा आकडा लढणाऱ्यांच्या जवळपास बरोबरीचा होता. दर बंदुकवाल्यामागं एक ओझंवाला असा हिशोब धरा. तिथं लढाई तुर्कांशी कमी आणि वाहतुकीशी जास्त होती. बसऱ्याला बंदर म्हणावं असं काही नव्हतंच, जहाजं नदीच्या मधोमध नांगर टाकून आठवडेच्या आठवडे ताटकळत, माल होड्यांत उतरवून काठावर आणायचा, काठ म्हणजे चिखल. पुढं मागिल नावाच्या जागी धक्के बांधले, रूळ टाकले, रूळ आणि इंजिनं हिंदुस्थानातून गेलेली. वर फौजेला नदीनं धान्य पोचंना म्हणून १९१६ साली हजारो हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला, भाजीपाला नाही म्हणून हिरड्या सुजून माणसं झिजली. विलायतेत चौकशी कमिशन बसलं, १९१७ ला भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. ह्या सगळ्यातून सरकारला कळलं की गोळीइतकंच पोतं महत्त्वाचं असतंय, आणि कूलीभरती जोरात चालू झाली. ११ मार्च १९१७ ला बगदाद पडलं ते जनरल मॉडच्या नावावर आहे. पण तिथपर्यंत पीठ कुणी नेलं?

आमच्याकडची माणसं त्यात कशी गेली हा प्रश्न पोरानंपण विचारला, कारण आपण तेव्हा मोगलाईत, निजामाच्या राज्यात. त्याचं उत्तर नकाशात आहे. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि तीन बाजूंनी मोगलाई. बार्शी लाईटची अडीच फुटी छोटी गाडी १९११ साली लातूरपर्यंत आलेली. म्हणजे कळंबकडून चालत येडशीला यायचं, छोट्या गाडीत बसायचं, बार्शीवरून कुर्डुवाडी, तिथून मोठी गाडी मुंबई. चार दिवसांत मोगलाईतला माणूस बोटीवर. आणि पगार कलदार, म्हणजे इंग्रजी रुपयात. निजामाचा हाली रुपया कलदारापेक्षा हलका, त्यामुळं कलदार म्हणलं की माणूस कान टवकारायचा. लढणाऱ्या शिपायाला तेव्हा महिन्याला ११ रुपये होते, त्यावरनं अंदाज करा की पोटासाठी माणसं किती लांब जात होती.

पारावर एकानं पुडी सोडली की कूली म्हणजे जेलमधून नेलेले कैदी. ही पुडी अगदीच हवेतली नाही. १९१६ पासून खरंच तुरुंगांतून हजारो कैदी शिक्षेत सूट देऊन मेसोपोटेमियाला नेले होते, पण त्यांच्या वेगळ्या जेल कंपन्या असायच्या, आणि ह्या मेडलच्या कडेवर जेल हा शब्द नाही. हे मी तिथल्या तिथं सांगितलं. तरी ज्याला पसरवायचं त्यानं पसरवलंच.

पारावर बैठक झाली त्यात मला बोलावलं. ग्रामसेवकाचं म्हणणं साधं, की वरून आलेल्या नमुन्यात वीर म्हणजे स्वातंत्र्यसैनिक, सैन्यदल, निमलष्करी दल, पोलीस. “सर, ह्यात कूलीचा कॉलम कुठंय?” त्याला दोष देत नाही, त्याला फोटो अपलोड करायचा होता.

दुसरं म्हणणं एका स्वातंत्र्यसैनिकाच्या नातवाचं. त्याचे आजोबा मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कॅम्पमध्ये होते, रझाकारांच्या काळात घर जळलेलं. तो म्हणला आमच्या आजोबांनी निजामाशी झुंज दिली, आणि त्यांच्या शेजारी इंग्रजांची हमाली करणाऱ्याचं नाव? ह्यात मला राग आला नाही, त्याच्या घरानं खरंच सोसलंय. मी एवढंच सांगितलं की १९१८ साली स्वतः गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून ह्याच युद्धासाठी भरती करत होते, तेव्हा कोण कुणाच्या बाजूनं हे आज आपल्याला वाटतं तितकं सोपं नव्हतं. तो गप्प बसला पण पटलं नाही. नाही पटलं तर नाही, मलासुद्धा ह्याचं पक्कं उत्तर देता येत नाही. पोटासाठी गेलेल्या माणसाला बाजू असती का?

तिसरे आमचे हवालदारसाहेब, फौजेतून रिटायर. मला वाटलं हे सगळ्यात जास्त विरोध करतील, शिपाई आणि कूली एका दगडावर कसे म्हणून. ते तंबाखू मळत मळत म्हणले, “कूली नका लिहू, पोर्टर लिहा. आमच्यात पोर्टर म्हणतात. कुपवाड्याला आमची पोस्ट बर्फात होती, रॉकेल, राशन, गोळा, सगळं पोर्टरच्या पाठीवर. एका हिवाळ्यात एक पोर्टर घसरला. आम्ही चार दिवस शोधला. त्याचं नावसुद्धा कुठं नाही लागणार कुठल्या दगडावर.” मग कारगिलचं सांगायला लागले, १९९९ ला डोंगरावर दारूगोळा नेणारे स्थानिक पोर्टर, त्यावर बराच वेळ बोलले. ग्रामसेवक घड्याळ बघायला लागला.

आणि चौथं म्हणणं घरच्याच माणसाचं, किराणावाल्या नातवाचं. त्यानं मला बाजूला घेतलं. “सर, सैनिक लिहू द्या की. कोण बघायला येतंय? कड तर घासून गेलीच आहे, अजून दोन दसरे गेले की तेवढंपण दिसणार नाही.” ह्या माणसाचं मला वाईट वाटलं. त्याचा बाप आणि आजोबा दोघंही लातूरच्या मोंढ्यात हमाल. बसऱ्यावरून आल्यावर म्हातारा मोंढ्यातच पोती उचलायला लागला, मेला तोवर तेच. ह्यानं स्वतः कष्टानं दुकान टाकलं, पोराला भरतीला बसवलं, आणि घरात एकच गोष्ट अशी होती जिच्यात पोतं नव्हतं, ती म्हणजे बसरा. मी ती पण काढून घेतली. तरी मी नाही म्हणलं. मेडलवर ज्याचं नाव आहे तो कूली आहे, सैनिक म्हणून ज्याचं नाव कोराल तो माणूस कधी होताच कुठं? तो म्हणला “मग नावच नको.” झालं. दगडावर चार नावं पडली, पाचवं पडलं नाही.

ह्या सगळ्यात एका माणसाला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. मेडल हातात घेतलं, कणकेवर फिरवलं, इंग्रजी वाचलं, आणि जी बाई म्हाताऱ्याच्या हाताखाली अठरा वर्षं घरात वावरली ती देवघराच्या दारात बसून बघत होती. पोरानं रात्री तिला घाबरत घाबरत सांगितलं की आज्जी, पणजोबा सैनिक नव्हते, हमाल होते. तर आज्जी म्हणली, “मग? वझी उचलायलाच गेले होते की मामंजी. म्या कवा म्हणलं लढायला गेले? तुमी बापे म्हणायचे.”

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेलो आणि तिच्यापुढं बसलो. हे आधी करायला पाहिजे होतं, असल्या प्रकरणात मेडलच्याही आधी.

आज्जीनं सांगितलेलं जमेल तसं तिच्याच शब्दांत देतो. “मामंजी सांगायचे, बोटीतून फळी टाकायची, हितून तितं. पाटीवर दोन मणाचं पोतं, पायाखाली फळी हालती. पाण्यात पडला तर पोत्याचे पैसे कापायचे म्हणं, माणसाचं कुणी इचारत नव्हतं. ऊन असं की दुपारी लोखंडाला हात लावला तर कातडं निघायचं. खजुराचीच झाडं, जिकडं बघावं तिकडं, खजूर खाऊन खाऊन त्येंला पुढं गोडाचा वास सोसंना, सणाला पुरणपोळी पण कोर खायचे. आन् तितली नदी लई बेइमान. सकाळी खाली जायाची, दुपारी उलटी वर यायाची. दिसातून दोनदा. गावात येऊन सांगितलं तर लोक हासले, पोरं मागं लागायची, बसऱ्याची नदी बसऱ्याची नदी करून. मंग त्येनी सांगायचंच सोडलं.”

मी ते घरी येऊन वाचलं, आणि खरं सांगतो अंगावर काटा आला. कारण ती थाप नाही. बसरा ज्या नदीवर आहे ती शत्त-अल-अरब, तैग्रिस आणि युफ्रेटिस मिळून झालेली, आणि तिला समुद्राची भरती-ओहोटी लागते. भरती आली की पाणी उलटं चढतं, दिवसातून दोनदा, आणि त्याच चढत्या पाण्यावर तिथले खजुराचे बाग पिढ्यान्‌पिढ्या भिजतात, मोट नाही, रहाट नाही, पाणी आपलं आपण चरांत शिरतं. आपली मांजरा. पावसाळ्यात चार महिने खाली जाती, उन्हाळ्यात वाळू. त्या माणसानं आयुष्यात समुद्र बोटीवरूनच बघितलेला, भरतीचं पाणी नदीत शिरतं हे त्याला कुणी सांगणार? त्यानं जे डोळ्यानं बघितलं ते सांगितलं, आणि गावानं त्याचं थापेसाठी म्हण करून टाकलं. आणि ज्याला मी पुरावा म्हणून नाचवत होतो तो कुतचा वेढा आज्जीच्या सांगण्यात कुठंच नाही. फळी आहे, बोट आहे, पोतं आहे, भरती आहे. हा माणूस बंदरावर होता. कडेवरचा शब्द आणि आज्जीचं बोलणं एकाला एक लागून बसतं, फक्त माझं भाषण बसत नाही.

परत आल्याचं तिनं एवढंच सांगितलं की मामंजी आले तेव्हा घरात दोनच माणसं उरली होती. मानमोडीत गेली. १९१८ ची ती इन्फ्लुएंझाची साथ, आणि त्याच साली पाऊसपण नाही. म्हाताऱ्यानं कलदार आणले ते दाण्यात गेले. बूट आणले होते, ते गावात घालायची लाज वाटायची म्हणून विकले. मेडल कधी आलं, कुणी आणून दिलं, तिला सांगता येत नाही, ती नांदायला आली तेव्हा ते देवघरातच होतं, आणि सासूनं सांगितलं होतं खंडोबा म्हणून. सासूला कुणी सांगितलं? आज्जी हसली आणि म्हणली, “मामंजीनीच सांगितलं आसंल. त्येंला काय ठावं नव्हतं व्हय कोण हाय त्यो?”

पोराला मी अजून एक दाखवलं. बसऱ्याला १९२९ साली एक स्मारक उभं राहिलं, मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४० हजारांवर माणसांचं. ते उभं केलं तेच मागिलच्या धक्क्यावर, जिथं आपली माणसं पोती वाहत होती. त्यावर इंग्रजांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि बाकी हिंदी माणसांचा पलटणीवार नुसता आकडा. अमुक पलटण, इतके. १९९७ ला सद्दामनं ते सगळं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये ह्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाच्या समितीनंच कबूल केलं की किमान १ लाख १६ हजार मेलेल्यांची नावं कुठंच लागली नाहीत किंवा त्यांचं स्मारकच झालं नाही, जास्तीत जास्त साडेतीन लाखांपर्यंतही असू शकतील, त्यात सगळ्यात जास्त पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले, बरेचसे ओझी वाहणारे. माफीपण मागितली. पोरगा वाचून म्हणला, “म्हणजे सर, त्यांनीबी कॉलम नाही म्हणूनच सोडलं.” मी काही बोललो नाही. आमचे पणजोबा जिवंत परत आले म्हणून तरी कडेवर नाव आहे, असं तोच पुढं म्हणला.

शाळेत जाऊन मी माझं भाषण दुरुस्त केलं. हेडमास्तर म्हणले कशाला सर, पोरं विसरली पण असतील. पोरं विसरली नव्हती, एकीनं विचारलं की मग त्यांनी एकपण तुर्क मारला नाही का? नाही मारला म्हणलं. ती जरा नाराज झाली.

मेडल घासू नका, कडेवरची राहिलेली अक्षरं जातील, हे मी घरी तीन-तीनदा सांगितलं होतं. देवघरातून काढून डबीत ठेवावं असं किराणावाल्याचं चाललं होतं, आज्जीनं हात लावू दिला नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला पोराचा फोन आला. टाक चिंचेनं घासले, मेडल नुसतं पाण्यानं धुतलं, तळी भरली. आणि म्हणला, सर, बसऱ्याच्या नदीचा एक व्हिडिओ सापडला, भरती येतानाचा, पाणी उलटं चढताना दिसतंय स्पष्ट. परवा पारावर मोबाईलवर सगळ्यांना दाखवला, हवालदारसाहेबांनी दोनदा लावायला लावला, ज्याच्या आजोबांचं नाव दगडावर आहे त्यानंपण बघितला. कुणी काही म्हणलं नाही, बराच वेळ बघत बसले.

मी म्हणलं मग? तर हसत म्हणला, मग काय सर, तेवढ्यात आमचा एक दोस्त आला आणि म्हणला औंदा मला सोयाबीन एकरी पंधरा क्विंटल झालं, तर लगेच पारावरून चार-पाच जण एकदम, “आली बसऱ्याची नदी!”